सांगाल तसं करणाऱ्या बाई

बाई भिंतीवर जाऊन आपटल्या, तेव्हा मला त्या शाळेत येऊन पुरता एक दिवसही झाला नव्हता. काळाचौकीतली महापालिकेची मराठी शाळा, चौथीचा वर्ग. मी दारात उभी राहून पाहत होते. एक मुलगा बाकावर उभा राहून बाईंना हुकूम सोडत होता. पुढे चला. बाई चालल्या. डावीकडे वळा. वळल्या. पुढे चला. बाई चालत राहिल्या. भिंत आली तरी चालत राहिल्या. कपाळ भिंतीला टेकलं, चष्मा वाकडा झाला आणि पाय जागच्या जागी चालूच. मी घाबरून पुढे धावले. बाईंनी मागे न बघता हात वर करून मला अडवलं.

"मध्ये पडू नकोस. हे माझं आणि त्याचं चाललंय."

"बाई, समोर भिंत आहे," मुलगा म्हणाला.

"मला काय माहीत? मला डोळे नाहीत. तू पुढे चल म्हणालास, मी चालले."

वर्ग हसत होता. तो मुलगा हसत नव्हता, तो विचार करत होता. थोड्या वेळाने तो सावकाश म्हणाला, "पुढे चला. भिंत लागली तर उजवीकडे वळा." बाई वळल्या, चष्मा सरळ केला आणि म्हणाल्या, "आता मला कळलं."

ही बाईंची सर्वांत मोठी शाबासकी. हुशार, छान, व्हेरी गुड असले शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. मुलं मात्र त्या 'आता मला कळलं'साठी जीव टाकायची. मधल्या सुट्टीत एकमेकांना सांगायची, बाईंना आज माझं कळलं. जसं काही बाई ढ आणि मुलंच त्यांना शिकवतायत. बाईंना तेच हवं होतं.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर बाईंचं मोठेपण कळणार नाही. मी परांड्याची. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. वडील कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. आमच्या शाळेत एक संगणक होता. जुन्या चादरीचा शिवलेला त्याला झगा होता. खंडेनवमीला झगा काढून हळदकुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे, आम्ही रांगेने पाया पडायचो आणि झगा पुन्हा चढायचा. तो सुरू झालेला मी कधी पाहिला नाही. संगणकाच्या बाबतीत माझं शिक्षण ते असं, नमस्कारापुरतं. पुढे कॉलेजात माउस हातात आला तेव्हा मी तो टेबलावरून उचलून पडद्याला लावून पाहिला होता. अशी मी, आणि मला मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कोडिंगच्या तासाला मदतनीस म्हणून दिलं. देताना हळूच म्हणाल्या, "त्या जरा वेगळ्या आहेत. सांभाळून घ्या."

कोण कुणाला सांभाळणार, ते मला त्या पहिल्याच दिवशी भिंतीपाशी कळलं होतं.

वेळापत्रकात त्या तासाचं नाव कार्यानुभव. इतर वर्गांत कार्यानुभवाला क्रेपच्या कागदाची फुलं करायचे. बाईंनी त्या तासाला मुलांना प्रोग्राम लिहायला शिकवायचं ठरवलं, ते कुणाला न विचारता. पुढे मोठ्या बाईंनी वरून कशीबशी परवानगी आणली, तीही वर्षापुरती. मी गेले ते बाईंचं शेवटचं वर्ष होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या निवृत्त होणार होत्या. त्याच वर्षी काही पालकांनी तक्रार केली, की पोरं त्या तासाला नुसती खेळतात, त्यापेक्षा इंग्रजीचा जादा तास घ्या. वॉर्डातल्या साहेबांनी कळवलं, मी स्वतः येऊन बघतो आणि मग ठरवतो. साहेबांनी नाही म्हटलं असतं, तर बाईंबरोबर तो तासही गेला असता, आणि पुढची चौथी पुन्हा क्रेपची फुलं करत बसली असती. बाई याबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. पण त्या वर्षी त्या अंबाड्यात खडू खोचून विसरायला लागल्या. घरी जाताना लालबागच्या मिरची गल्लीतून त्या चालत, तेव्हा डोक्यात दोन-दोन खडू असायचे आणि दुकानदार त्यांना हाक मारून सांगायचे.

संगणकाची खोली मिळवली ती गोष्ट शाळेत अजून सांगतात. खोली होती, संगणक होते, मोठा टीव्हीसुद्धा होता. पण कुलूप होतं. मुलं बिघडवतील म्हणून मोठ्या बाई चावी पर्समध्ये ठेवायच्या. बाईंनी चावी मागितली नाही. त्यांनी चौथीचा वर्ग त्या बंद दारापुढे, पॅसेजमध्ये भरवायला सुरुवात केली. मुलं जमिनीवर बसत, बाई कुलपाकडे बोट दाखवून शिकवत. आत काय असेल? ते काय करत असेल? त्याला आपण काय सांगू? येणाऱ्या-जाणाऱ्याला मुलांच्या अंगावरून उड्या मारत जावं लागे. शिपाईमामा पाण्याची कळशी घेऊन अडकून पडले. शेवटी मोठ्या बाई स्वतः आल्या, कुलूप काढलं आणि म्हणाल्या, "घ्या एकदाचं. पण काही मोडलं तर मला सांगू नका."

"सांगणार नाही," बाई म्हणाल्या, आणि खरंच कधी सांगितलं नाही.

मात्र चावी मिळाल्यावरही पहिली सहामाही त्यांनी मुलांना संगणकाला हात लावू दिला नाही. मैदानात खडूने चौकटी आखायच्या, एका मुलाने डोळे मिटायचे, बाकीच्यांनी त्याला सूचना देऊन कोपऱ्यातल्या चेंडूपर्यंत न्यायचं. नेताना चुकलं तर सूचना पुन्हा लिहायची, मुलाला ओरडायचं नाही. हा नियम कडक होता. एकदा एकीने डोळे मिटलेल्या मुलाला बावळट म्हटलं. बाईंनी खेळ थांबवला. "तो बावळट नाही. तो तुझं ऐकतोय. जगात तुझं इतकं नीट ऐकणारं दुसरं कोण आहे, सांग." त्या मुलीने सूचना पुन्हा लिहायला घेतली.

बाईंचं एक ठाम मत होतं, की 'जर' सगळ्यांना येतं, 'नाहीतर' कुणी सांगत नाही, आणि जगातले निम्मे घोटाळे त्यामुळे होतात. स्वतःही त्या तसंच बोलायच्या. मोठ्या बाईंना सांगायच्या, "उद्या बरं वाटलं तर येईन, नाहीतर चौथीला तुम्ही जाल." मोठ्या बाई काळजीने त्यांच्या तब्येतीची चौकशी करायच्या.

तक्रार करणाऱ्यांपैकी एक वडील थेट वर्गावरच आले. मसाल्याच्या दुकानात कामाला होते, अंगाला मिरचीचा वास, ते बोलेपर्यंत पहिला बाक शिंकायला लागला.

"बाई, पोरगं कामातून गेलं," ते म्हणाले. "काल मी दुकानातनं फोन केला, भूक लागली तर जेवून घे. रात्री येऊन बघतो तर ताट तसंच. बोललो, जेवला का नाय? तर बोलतो, भूक नाय लागली. नाय लागली तर काय करायचं ते तुम्ही नाय सांगितलं."

मुलगा दुसऱ्या बाकावर खाली मान घालून बसला होता. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मग सांगा ना," त्या वडिलांना म्हणाल्या.

"काय सांगू?"

"भूक नाही लागली तर काय?"

वडील गोंधळले. डोकं खाजवून म्हणाले, "तर... झाकून ठेव. नायतर मांजर तोंड घालते."

"आता मला कळलं," बाई म्हणाल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या गृहस्थांनी तक्रार काही मागे घेतली नाही, पण जाताना ते थोडे खुशीत दिसले.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, की इतक्या लहान मुलांना हे कशाला. मोठी होऊन शिकतील ना. बाईंनी उलट मलाच विचारलं, तुझी आई वाचते का. मी नाही म्हटलं. मग गावाला कशी जाते? मी सांगितलं, की आई परांड्याच्या स्टँडवर कुणालाही विचारते, दादा ही गाडी कुठं जाती. तो सांगेल त्या गाडीत बसते. एकदा कुणी तरी चुकीची सांगितली, तर बार्शीऐवजी भूमला गेली होती आणि तिथे नळापाशी बसून रडली होती. मी हे हसत सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

"पाटी वाचता येत नव्हती म्हणून तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागलं," त्या म्हणाल्या. "ह्या पोरांच्या आयुष्यात सगळं मशीन ठरवणार आहे. कुणाला नोकरी, कुणाला कर्ज, कुणाला कुठल्या रांगेत उभं करायचं. त्या मशीनला कुणी तरी काहीतरी सांगितलेलं असतं. ते वाचता आलं नाही, तर ही पोरं तुझ्या आईसारखी स्टँडवर उभी राहतील. मला ते बघवणार नाही."

त्या दिवसापासून मी मदतनीस राहिले नाही. मुलांच्या मागे बसून शिकायला लागले. घरी येऊन वहीत प्रोग्राम लिहायचे, दुसऱ्या दिवशी चौथीतल्या मुलांकडून तपासून घ्यायचे. ती मोठ्या दयाळूपणे चुका काढायची.

इतकं असून बाईंकडे साधा बटणांचा फोन होता. स्टाफरूममध्ये आम्ही चिडवायचो, की कोडिंग शिकवता आणि फोन आजोबांच्या काळातला. त्या म्हणायच्या, "तुमचा फोन तुम्हाला सांगतो, उठा, चाला, पाणी प्या, हे बघा, ते घ्या. माझा गप्प बसतो. दोघांत शहाणा कोण?"

हे सगळं त्यांच्यात आलं कुठून, ते एकदा डबा खाता खाता कळलं. त्यांचे वडील गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. साडीच्या काठाची नक्षी विणायला मागाच्या वर लाकडी पट्ट्यांची माळ फिरायची. पट्टीत खुंटी असेल तिथले धागे वर, नसेल तिथले खाली. नक्षी बदलायची तर खुंट्या बदलायच्या. लहानपणी त्या वडिलांचा डबा घेऊन जायच्या तेव्हा वडील सांगायचे, साच्याला फुलं कळत नाहीत, त्याला खुंटी कळते. एक खुंटी चुकली तर कापडाच्या सबंध थानभर तीच चूक येते, आणि साचा बिचारा मन लावून ती चूक विणत बसतो. गिरणी गेली, तिथे आता काचेचा टॉवर आहे. पण बाईंना पहिल्यांदा संगणकाचा प्रोग्राम कुणी तरी दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, हे तर बाबांचं काम.

साहेब यायचे ठरले, तेव्हा मुलांनी स्वतःच विषय निवडला. दहीहंडी. संगणकात प्रत्येक सूचनेचा एक रंगीत ठोकळा असतो, ते ठोकळे एकाला एक जोडायचे आणि पडद्यावर गोविंदा थर लावणार. पाच जणांचा गट होता. त्यातली तन्वी नावाची मुलगी पुढारी. तिची आई मुलींच्या गोविंदा पथकात अगदी खालच्या थराला उभी राहणारी, खांदे असे की कॉलनीतले लोक तिला वाट देत. तन्वीला सगळ्यांत वर चढायचं होतं, एक्का व्हायचं होतं, पण वय बसत नव्हतं. म्हणून तिने स्वतःला पडद्यावर चढवलं. वरच्या मुलीला तिच्यासारख्याच दोन वेण्या आणि लाल रिबिनी होत्या.

साहेब आले ते घाईत. अंगाने स्थूल, बोलायला सौम्य, वरून कडक दिसण्याचा प्रयत्न करणारे. संगणकाच्या खोलीत लहान मुलांच्या खुर्चीवर जपून बसले आणि म्हणाले, "स्पष्ट सांगतो. पालकांचं म्हणणं आहे पोरं खेळतात. मला आज शिकलेली दिसली पाहिजेत. मला पुढे अजून एक शाळा आहे."

तन्वीने बटण दाबलं. मोठ्या टीव्हीवर खालचा थर गोल धरून उभा राहिला. त्याच्या खांद्यावर दुसरा. मग तिसरा, चौथा. शेवटी दोन वेण्यांची मुलगी सरसर वर गेली, हात उंचावून तिने सलामी दिली, हंडी फोडली आणि दह्याचे पांढरे ठिपके सगळ्या पडद्यावर उडाले. खोलीत टाळ्यांचा कडकडाट. साहेबही टाळ्या वाजवत उठले. मोठ्या बाईंनी शिपाईमामांना चहाची खूण केली. "सुंदर," साहेब म्हणाले. "चौथीला चालू ठेवायला माझी हरकत नाही."

तेवढ्यात तन्वी म्हणाली, "साहेब, बसा. अजून झालं नाही."

मोठ्या बाईंनी डोळे मोठे केले. "तन्वी, जागेवर बस."

"पण बाई, ती वरच आहे."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. हंडी फुटली होती, दही उडालं होतं, प्रोग्राम संपला होता. पाचव्या थरावर ती मुलगी हात वर करून तशीच उभी होती.

"हंडी तर फुटली ना, बाळ," साहेब म्हणाले.

"फुटली. पण थर उतरला नाही. उतरल्याशिवाय थर लागला असं धरत नाहीत." तिने पडद्यावरच्या सगळ्यांत खालच्या थराकडे बोट दाखवलं. "माझी आई खाली असते. ती बोलते, चढताना सगळे बघतात. हंडी फुटली की सगळे नाचायला लागतात, आणि मगच पोरी पडतात."

मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, आता त्या सावरून घेतील. बाई खिडकीपाशी हात मागे बांधून उभ्या होत्या आणि पंख्याकडे बघत होत्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग ते पुन्हा त्या छोट्या खुर्चीत बसले. "उतरव मग," म्हणाले.

पाची जणं कीबोर्डवर वाकली. चढायच्या सूचना होत्याच, त्यांनी त्याच खाली पुन्हा जोडल्या आणि 'वर'च्या जागी 'खाली' केलं. बटण दाबलं. आधी खालचा थर हलला, शिस्तीत चालत पडद्याबाहेर निघून गेला, आणि वरचे चार थर हवेत लोंबकळत राहिले. वर्ग खदखदून हसला. साहेबांना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"आमच्या ऑफिसात रोज असंच असतं," ते म्हणाले. "खालचा थर निघून जातो आणि वरचे हवेत."

तन्वी हसली नाही. गटातला एक मुलगा म्हणाला चौथ्या थरापासून उतरवू, दुसरा म्हणाला सगळ्यांना एकदम बसवू. थोडी ढकलाढकली झाली. मग तन्वीने दोघांचे हात बाजूला केले. "ए, थांब रे. शेवटी चढली कोण?"

"एक्का."

"मग ती पहिली उतरणार. मग तिच्या खालचे. आई सगळ्यांत शेवटी."

त्यांनी ठोकळे उचलून उलट्या क्रमाने लावले. चहा आला, निवत राहिला. साहेबांनी हातसुद्धा लावला नाही. तन्वीने बटण दाबलं. थर चढले, हंडी फुटली, दही उडालं. मग ती दोन वेण्यांची मुलगी वाकली, खालच्याच्या खांद्याला धरून उतरली. तिच्यामागून चौथा थर, तिसरा, दुसरा. शेवटी नुसता खालचा थर जमिनीवर गोल धरून उभा राहिला, आणि मग तोही सुटला.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे नुसते बघत होते.

साहेबांनी तन्वीला जवळ बोलावलं. "हे तुला बाईंनी शिकवलं?"

"नाय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरची तक्रार होती. "बाई काय सांगतच नाय."

बाईंच्या चेहऱ्यावर मी इतकं लख्ख हसू पाहिलं नव्हतं. त्या लगेच पंख्याकडे बघायला लागल्या.

साहेब उठले. मोठ्या बाईंना म्हणाले, "चौथीचं मगाशी बोललोच. पुढच्या वर्षी तिसरीपासून सुरू करा." मग त्यांच्या काही लक्षात आलं. ते बाईंकडे वळले. "पण तुम्ही तर सुट्टीत निवृत्त होताय. घेणार कोण?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. मी वाट पाहिली. त्या माझं नाव घेतील, निदान माझ्याकडे बघतील असं मला वाटत होतं. मोठ्या बाईही वाट पाहत होत्या. बाई गप्प. तेव्हा मला कळलं, की तन्वीसाठी त्या जशा गप्प राहिल्या, तशाच आता माझ्यासाठी गप्प आहेत.

"मी घेईन, साहेब," मी म्हणाले. भरलेल्या खोलीत, कुणी नाव न घेता, मी आपणहून असं काही पहिल्यांदाच बोलत होते.

साहेब गेल्यावर पॅसेजमध्ये मी बाईंना गाठलं. विचारलं, थर उतरत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का. तीन-चार दिवसांपासून, त्या म्हणाल्या. मग सांगितलं का नाही? साहेबांनी चूक पकडली असती तर तास गेला असता, तुमची सगळी मेहनत गेली असती.

"गेली असती," बाई म्हणाल्या. "बोटं नुसती शिवशिवत होती गं. काल तर मी घरी भांडी घासत बसले, उगीच. पण मी सांगितलं असतं तर आज ती मुलगी उभी राहिली नसती. मग तास राहून तरी काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी कार्यानुभवाच्या तासाला मी नेहमीसारखी मागे बसायला गेले, तर माझ्या जागी बाई बसल्या होत्या. शेवटच्या बाकावर, गुडघे बाकात मावत नव्हते, पदर आवरून, वही उघडून. मी उभीच राहिले. त्यांनी फळ्याकडे हात केला. मी पुढे गेले, खडू घेतला. मुलांना काही तरी वेगळं घडतंय हे कळलं होतं, कुजबुज सुरू झाली. मला पहिलं वाक्य सुचेना.

बाईंनी शेजारच्या मुलाच्या पाठीत हलकेच बोट टोचलं.

"गप बस रे," त्या म्हणाल्या. "बाई शिकवतायत."